मेडोज टेलर आणि तुळजापूरची ‘तारा’

मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’चें नांव घेतों, आणि तें योग्यच आहे. परंतु १८७१ च्या ‘मोचनगडा’पूर्वीं आठ वर्षें, शिवकालाचा व तुळजापूरचा विषय घेऊन एका इंग्रजानें मोठी कादंबरी प्रसिद्ध केली होती, हें किती वाचकांच्या ध्यानांत असतें? ती कादंबरी ‘तारा’. कर्ता कर्नल फिलिप मेडोज टेलर.

टेलर १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. १८२४ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मुंबईस आला. पेढी डबघाईस आलेली; तेव्हां त्यानें निजामाच्या फौजेंत चाकरी धरली. पुढें सुरापूर संस्थानाचा आणि १८५३ पासून नळदुर्गाकडील मुलुखाचा कारभार त्याजकडे होता. तुळजापूर याच टापूंतलें.

त्याला कीर्ति मिळाली ती मात्र १८३९ च्या ठगाच्या जबानीनें. तींत अमीर अली आपले खून स्वतःच सांगतो, तेही कसबी कारागिराच्या अभिमानानें. साहेब बहुधा ऐकून घेतो. वाचक हा माणूस आपल्याला आवडूं लागला म्हणून दचकतो. ठगांच्या जबान्या प्रत्यक्ष ऐकलेल्या कानाचेंच हें काम होय.

‘तारे’ंत तो कान आहे, पण लेखक गप्प बसत नाहीं. तुळजापूरचें देऊळ, शास्त्र्याचें घर, त्याची बालविधवा कन्या यांत ओळखीचा जिव्हाळा आहे. मात्र १६५७, १७५७, १८५७ अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ व ‘सीता’ ओवण्याचा त्याला मोह पडला. अफझलखानाचा वध १६५९ चा. या हिशेबांत तो दोन वर्षें मागें गेला! इतिहासाशीं अशी कसर आम्हांस खपत नाहीं. शिवाय लेखकाचा ओढा खानाच्या घराकडे. तारेचें दैव खानाचा मुलगा फाजल याच्याशीं लग्न लावून त्यानें उजळलें, पण शिवाजीमहाराज त्यास उमगले नाहींत.

त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ सालीं, आत्मचरित्र निघालें. सुरापूरचा अल्पवयी राजा त्याच्याच देखरेखीखालीं वाढला. तो त्यास ‘अप्पा’ म्हणे. १८५८ च्या बंडांत हाच राजा पकडला गेला, फांशीची शिक्षा कमी होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि किल्ल्याकडे नेतांना वाटेंतच गोळी लागून तो गेला. ती हकीकत टेलरनें विनाशृंगार लिहिली आहे. ‘तारे’च्या आधीं ती पानें वाचावीं.