गीतलेखनाची पदवी आणि एक पुस्तक

लेक गीतलेखनाची पदवी घ्यायची म्हणते, तेव्हा आपल्याला आधी फी आठवते, मग नोकरी. त्याआधी पॅट पॅटिसन यांचं 'रायटिंग बेटर लिरिक्स' (१९९५) वाचावं, असं मी सुचवीन. पॅटिसन यांनी बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात हाच विषय शिकवला. (कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ वेगळं!)

पुस्तकाचं बळ कारागिरीत आहे. एखादी वस्तू घेऊन दहा मिनिटं सगळ्या इंद्रियांनी लिहायचं. ध्रुवपद परत येताना त्याचा अर्थ वाढलेला हवा. वृत्त-मात्रांत वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटत नाही. मला खटकलं ते एवढंच, की शब्दांपुढे चाल मागे पडते. 'गीतरामायणा'त (१९५५-५६) गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाली दिल्या. इथल्या विद्यार्थ्याला बहुधा दोन्ही करावं लागतं. बर्कलीच्या प्रवेशालाही वाद्य वाजवून किंवा गाऊन दाखवावं लागतं, मुलाखत होते; नुसती कवितांची वही पुरत नाही.

म्हणून कॉलेज निवडताना नावापेक्षा हे विचारावं: मुलांची गाणी वर्गात कोण ऐकतं, कोण दुरुस्त करतं? आणि लेकीला विचारावं: कालचं गाणं आज पुन्हा लिहिलंस का? 'हो' म्हणाली, तर फीचा हिशेब खुशाल मांडावा.