जपानी चित्रमालिका आणि दुःखाचा प्रश्न

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपली तरुण मंडळी अलीकडे जपानी ॲनिमे आवडीने पाहू लागली आहेत. एखादी कृती मनास भिडली की 'अशीच दुसरी कोणती?' असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा तलवार, राक्षस, शाळा अशा बाह्य खुणांवरून दिले जाते. प्रस्तुत लेखात वेगळी कसोटी वापरली आहे. कथा दुःखाचे कारण कोठे शोधते आणि त्याच्या निरोधाचा कोणता मार्ग सुचविते, हे पाहून साधर्म्य ठरवावे.

आरंभ ओसामू तेझुका यांच्या 'बुद्ध' या कृतीपासून करणे उचित होय. ही चित्रकथा 1972 ते 1983 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 2011 मध्ये तिच्यावर आधारित चित्रपट निघाला. तत्त आणि चाप्रा ही पात्रे तेझुकांची निर्मिती आहेत. त्यांस त्रिपिटकाचा आधार नाही. तथापि त्यांच्यामुळेच जातिव्यवस्था कथेच्या केंद्रस्थानी येते. जन्म लपवून सेनापतीच्या घरात वाढलेला चाप्रा, त्याचे मूळ उघड होताच, आईसह मृत्युमुखी पडतो. मात्र तत्त प्राण्यांच्या शरीरात शिरतो, असे चमत्कार येथे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) या ग्रंथात चार दृश्यांची पारंपरिक कथा बाजूस सारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण मांडले. तो ग्रंथ वाचलेल्यांनी ही कृती चरित्र म्हणून नव्हे, कल्पित म्हणून पाहावी.

यानंतर बुद्धचरित्रावरील दुसरा चित्रपट शोधण्यापेक्षा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) पाहावा. 1945 च्या हवाई हल्ल्यांत कोबे शहरातील सेइता व सेत्सुको ही भावंडे आईस मुकतात. नातेवाईक बाईच्या घरी त्यांना अपमान सोसावा लागतो आणि अखेर भुकेने दोघांचाही अंत होतो. आईची शिल्लक बँकेत असूनही ती वेळेवर उपयोगी पडत नाही. सातारकर वाचकास येथे बालभीमाचा 1901 मधील प्रवास आठवल्यावाचून राहणार नाही. मसूर स्थानकावरून वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांपाशीही पैसे होते. गाडीचे दुप्पट भाडे त्यांनी दिले, तरी वाटेत त्यांना पाणी मिळाले नाही. फरक एवढाच की कोबेत युद्ध होते, इकडे शांतता होती. युद्ध तहाने थांबते. माणसाच्या मनातील अस्पृश्यता तहाने जात नाही. हा फरक ध्यानी घेऊन चित्रपट पाहिल्यास त्याचा खरा अर्थ उमगेल.

तिसरी शिफारस 'विनलँड सागा' या मालिकेची. तिचे पहिले पर्व 2019 मध्ये व दुसरे 2023 मध्ये आले. पित्याच्या हत्येचा सूड घेण्यासाठी थॉर्फिन वर्षानुवर्षे रक्तपात करतो. पुढे तो गुलाम होतो, जंगल तोडून गहू पिकवितो आणि हिंसेचा त्याग करतो. अंगुलिमालाच्या कथेशी याचे नाते स्पष्ट आहे. केवळ पहिले पर्व पाहणाऱ्याच्या हाती सूडच लागेल. म्हणून दुसरे पाहिल्याखेरीज मत बनवू नये. रक्तपाताची दृश्ये लक्षात घेता ती लहान मुलांस दाखवू नये. येथे एक उणीवही नोंदविली पाहिजे. थॉर्फिनचे मन पालटते, पण त्याच शेतावरील आर्नहाइड ही दासी मालकाच्या मारहाणीने प्राणास मुकते. व्यक्तीची चित्तशुद्धी झाली तरी व्यवस्था आपोआप बदलत नाही. तथागतांनी अंगुलिमालास संघात घेतले, तसेच न्हावी उपाली व सफाई करणारा सुनीत यांनाही समान स्थान दिले. मालिकेतील शेतावर अशा संघाचा अभाव जाणवतो.

तीनही कृती याच क्रमाने पाहाव्यात. पहिली जन्माने लादलेले दुःख दाखविते, दुसरी समाजाच्या उदासीनतेचे आणि तिसरी वैराचे. कोठे कारणाचा शोध पूर्ण होतो व कोठे अर्धवट राहतो, याची चर्चा विहारात मुलांसमवेत करावी. 'अशीच दुसरी' मागणाऱ्या तरुणाच्या हाती अशी कसोटी दिली, तर पुढची निवड तो स्वतःच सम्यक दृष्टीने करील.