ज्यूरीपुढील टिळक

लोकमान्य टिळकांच्या 1908 सालच्या खटल्याचा वृत्तांत कायदेपंडित व इतिहासकार वाचतात. साहित्याचे अभ्यासक त्याकडे क्वचितच वळतात. वस्तुतः त्या खटल्यातील मुख्य वाद वाङ्मयाचाच होता. मराठी लेखाचा अर्थ काय, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा? 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तील लेख पंचांपुढे आले ते इंग्रजी भाषांतराच्या वेषात. आणि नऊ पंचांपैकी सात युरोपियन, दोन पारशी.

टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले. या भाषणातील कायद्याचे उतारे आज कंटाळवाणे वाटतात, हे भक्तांचा रोष पत्करूनही सांगितले पाहिजे. जेथे ते एकेका शब्दाला धरून बसतात, तेथे मात्र भाषण जिवंत होते. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतःच घेतली. सोलापूरसारख्या गावी, जेथे एकाच पेठेत मराठी, कन्नड व तेलुगू कानी पडते, तेथील वाचकाला ही झटापट समजावून सांगावी लागणार नाही. शब्दाची धार घरागणिक बदलते, हे तो रोज अनुभवतो.

परंतु भाषांतर सुधारले की न्याय सुधारेल, हा टिळकांचा भरवसा आम्हांस भाबडा वाटतो. 30 एप्रिलला मुझफ्फरपुरास बाँबने दोन युरोपियन स्त्रिया बळी पडल्या होत्या. मुंबईतील गोऱ्या पंचास त्या गाडीत आपलीच बायको-मुलगी दिसत असेल, तर त्यास कोणता कोश उपयोगी पडणार? त्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. तो आपल्या भयातून वाचीत होता, एवढेच. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 1897 सालीही सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोषी. दोन्ही वेळा मते वर्णाच्या रेषेवरच दुभंगली.

तथापि केवळ वर्णाने सारे उलगडत नाही. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर पारशीच होते, आणि 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी हेच बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते. कोणाच्या शेजारी आपण बसलो आहोत, यानेही मनुष्याचे वाचन पालटते. तत्कालीन कायद्यालाही हे पुरते ठाऊक होते; युरोपियन आरोपीस निदान निम्मे पंच युरोपियन वा अमेरिकन मागण्याची सोय त्याने करून ठेवलीच होती.

पुढे 1959 साली नानावटी खटल्यात, गोरे राज्यकर्ते गेल्यावरही, पंचांनी आठ विरुद्ध एक मताने नौदलातील देखण्या अधिकाऱ्यास सोडले. उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही. तेथे परकेपणाऐवजी आपलेपणाने डोळे झाकले, असे आमचे मत आहे. 1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही.

टिळकांचे भाषण मात्र वाचनीय आहे. एका पानावर 'केसरी'चा मूळ लेख, समोरच्या पानावर न्यायालयातील भाषांतर आणि खाली टिळकांचे आक्षेप, अशी आवृत्ती कोणी प्रकाशक काढील, तर आम्ही ती प्रथम आमच्या बी. ए.च्या वर्गात नेऊ.