आलेख-रंगांकन आणि बिनतारी संवेदक जाले : एक चिकित्सा

बिनतारी संवेदक जालांतील व्यतिकरण टाळण्यासाठी आलेख-रंगांकनाचा आधार घेणे आता रूढ झाले आहे. प्रत्येक संवेदक हा शिरोबिंदू, परस्परांच्या टप्प्यातील दोन संवेदकांना जोडणारी रेषा ही कडा, आणि रंग म्हणजे संदेश पाठविण्याचा कालखंड. शेजाऱ्यांना भिन्न रंग दिले की टक्कर टळली, असे गृहीत धरून बहुतेक विवेचने ‘कमीत कमी रंग किती’ याच प्रश्नाकडे वळतात. कडा कोणती मानावी, हा त्याआधीचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या उणिवेवर प्रकाश टाकणारे उदाहरण नागपूरच्याच गणितपरंपरेत आहे. येथील विज्ञान महाविद्यालयात शिकलेले व पुढे तेथेच अध्यापन केलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी 1959 मध्ये 16 शिरोबिंदूंचा एक आलेख मांडला. (त्याच वर्षी बोस व पार्कर यांच्यासह ऑयलरचे 1782 चे अनुमान खोटे ठरविल्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले, हा आलेख त्या मानाने उपेक्षित राहिला.) त्यात प्रत्येक बिंदूला 6 शेजारी असून कोणत्याही दोन बिंदूंना, ते शेजारी असोत वा नसोत, नेमके 2 सामाईक शेजारी असतात. परस्परांशी न जोडलेले चारांहून अधिक बिंदू निवडता येत नाहीत. म्हणून रंग किमान 4 लागतात, आणि तेवढे पुरतातही.

प्रत्यक्ष जमिनीवर अशी रचना क्वचितच आढळेल. परंतु गृहीतकाच्या परीक्षेसाठी ती उत्तम आहे. परस्परांच्या टप्प्याबाहेरील दोन संवेदक एकाच कालखंडात बोलू लागले, तर त्यांच्या सामाईक शेजाऱ्यापाशी दोन्ही संदेश आदळतात. ही टक्करही वर्ज्य मानली, तर येथे कोणत्याही दोन बिंदूंना एक रंग देता येत नाही. चाराचे एकदम सोळा होतात! उलटपक्षी, सर्व संदेश एकाच केंद्राकडे जाणार असतील, तर ज्याला संदेश घ्यायचाच नाही त्याच्यापाशी टक्कर झाली तरी बिघडत नाही, आणि सोळाचा आग्रह वेळेचा अपव्यय ठरतो. ऐकणारा कोण, हे ठरविल्यावाचून दोन रंगांकन-पद्धतींची केलेली तुलना म्हणूनच पोकळ आहे.

रंग म्हणजे वाहिनी मानली, तर आणखी एक अडचण येते. रामदासपेठेसारख्या दवाखान्या-रुग्णालयांनी गजबजलेल्या वस्तीत 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील झिगबी संवेदकांना 16 वाहिन्या कागदावरच मिळतात. शेजारील वाय-फाय संच 1, 6 व 11 या वाहिन्यांवर चालू असतील, तर त्यांपासून बव्हंशी मुक्त अशा 15, 20, 25 व 26 या चारच उरतात. वाय-फाय संच संवेदकांच्या आलेखात शिरोबिंदू म्हणून येत नाहीत. तरी त्यांच्यामुळे प्रत्येक संवेदकाला उपलब्ध रंगांची यादी निराळी होते. आलेख चार रंगांत रंगविता येतो, एवढ्यावरून चार-चार रंगांच्या वेगवेगळ्या याद्यांतूनही तो रंगविता येईल, असे सिद्ध होत नाही.