पाडकामाची रेषा : म्यूरहेड बोन यांची ड्रायपॉइंट मुद्राचित्रे

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश मुद्राचित्रकलेत वास्तुचित्रण हा प्रतिष्ठेचा विषय होता. जुनी चर्चे, पूल व नदीकाठची घरे यांच्या मुद्राचित्रांना संग्राहकांकडून मोठी मागणी असे. ग्लासगोत जन्मलेले म्यूरहेड बोन (१८७६-१९५३) याच परंपरेतले. तथापि त्यांचे मन पूर्ण उभ्या असलेल्या वास्तूपेक्षा अर्धवट पाडलेल्या वास्तूत अधिक रमले. त्यांनी काही काळ वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली होती आणि १९०१ साली ते लंडनला आले. या विषयनिवडीचा त्यांच्या माध्यमाशी काय संबंध आहे, हा त्यांच्या समीक्षेतील कळीचा प्रश्न होय.

एचिंग अर्थात अम्लरेखन आणि ड्रायपॉइंट ही दोन्ही तंत्रे तांब्याच्या पत्र्यावरची असली, तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेखाटन केले जाते. उघड्या पडलेल्या धातूत रेषा खोदण्याचे काम अम्ल करते. ड्रायपॉइंटमध्ये अम्ल नाही. टोकदार सुईने धातू थेट ओरखडला जातो आणि शेतात नांगराच्या तासाकडेला माती उचलली जावी तशी रेषेच्या काठाने धातूची बारीक कड उभी राहते. ही कड शाई धरून ठेवते, म्हणून छाप्यात रेषा मखमली व गडद उमटते. मात्र मुद्रणयंत्राच्या दाबाखाली कड लवकर झिजते. काही डझन छापे निघाले की रेषा फिकी पडू लागते. पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा देऊन तिचे आयुष्य वाढविता येते, पण मूळ मार्दव काही प्रमाणात उणावते, असे जाणकार मानतात.

नाशवंत पत्र्यावर नाशवंत इमारत, असे समीकरण मांडण्याचा मोह येथे सहज होतो. ते आकर्षक आहे, परंतु अपुरे आहे. लंडनमधील सेंट जेम्सेस हॉल हे सभागृह १८५८ साली उघडले आणि १९०५ साली पाडण्यात आले. चार्ल्स डिकन्स यांचे अखेरचे जाहीर वाचन १८७० साली येथेच झाले होते. या पाडकामावर बोन यांनी केलेल्या ड्रायपॉइंटमध्ये स्मृतिकातरता जवळजवळ नाही. पॅरिसची जुनी वस्ती पत्र्यावर उतरविणाऱ्या शार्ल मेरियाँ यांच्या एचिंगमध्ये वास्तू झपाटलेली वाटते. बोन यांच्याकडे ती उकललेली वाटते. कोणती तुळई कशावर टेकली आहे आणि परांचीचा भार कोठे उतरतो, हे त्यांची रेषा सांगते. उमेदवारीतील शिस्त येथे उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

चेरिंग क्रॉस स्थानकावरील ‘द ग्रेट गँट्री’ (१९०६) या चित्रात हा विशेष सर्वाधिक प्रत्ययास येतो, आणि त्याची मर्यादाही. ५ डिसेंबर १९०५ रोजी या स्थानकाच्या छताचा भाग कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. उरलेले छत सुरक्षितपणे उतरविण्यासाठी लाकडी खांब-तुळयांचा एक अवाढव्य फिरता सांगाडा उभारण्यात आला. बोन यांनी हा सांगाडाच चित्रविषय केला. माणसे त्यापुढे ठिपक्यांएवढी आहेत. अपघात चित्रात कोठेही नाही. मृतांचा निर्देश नाही. ड्रायपॉइंटच्या मखमली काळेपणाने स्थानकाला जे भव्य, जवळजवळ मंदिरासारखे गांभीर्य येते, ते एका निष्काळजी लोहरचनेच्या परिणामावर पांघरूण घालते काय, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्णतः खोडता येत नाही. परंतु चित्रकाराने येथे निवडले आहे ते दुसरी दुर्घटना टाळणारे श्रम. प्रत्येक जोड त्यांनी ज्या काटेकोरपणे नोंदविला आहे, त्यात या श्रमांविषयीचा आदर आहे. सौंदर्याने सत्य झाकले, असे म्हणण्याऐवजी सत्याचा एकच भाग दाखविला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आक्षेपाची खरी जागा अन्यत्र आहे. कड झिजते म्हणून ड्रायपॉइंटचे छापे स्वभावतःच मोजके. ही तांत्रिक मर्यादा बाजारात गुणवत्तेचे प्रमाणपत्र बनली. ब्रिटिश म्युझियममधील कँपबेल डॉजसन यांनी बोन यांच्या १८९८ ते १९०७ या काळातील मुद्राचित्रांची सूची १९०९ साली प्रसिद्ध केली. अशा सूचींनी अभ्यासाची सोय झाली, तशी दुर्मीळतेची मोजदादही सोपी झाली. १९२० च्या दशकात मुद्राचित्रांच्या किमती सट्ट्यासारख्या वाढल्या आणि १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर हा बाजार मोडला. त्याबरोबर या चित्रांची समीक्षाही ओसरली, हे अधिक दुर्दैवी. किंमत उतरली म्हणून रेषा उतरत नाही, एवढा विवेक त्या काळच्या समीक्षेने दाखविला नाही.

१९१६ साली बोन ब्रिटनचे पहिले अधिकृत युद्धचित्रकार झाले. दुसऱ्या महायुद्धातही त्यांच्याकडे हे काम आले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बाँबहल्ल्यांत जळालेल्या लंडनचे त्यांनी केलेले ‘सेंट ब्राइड्स अँड द सिटी आफ्टर द फायर’ हे ड्रायपॉइंट नसून मोठ्या आकाराचे रेखाचित्र आहे. पाडकामाला क्रम असतो. आधी छत, मग तुळया, मग भिंती. या चित्रातील शहराला तसा क्रम राहिलेला नाही, आणि भार कोठून कोठे उतरतो हे दाखविणाऱ्या रेषेला तेथे मोजण्यासारखे फारसे उरले नव्हते.