घरचा पडदा आणि प्रेक्षकसमाज

कादंबरी मासिकांतून क्रमशः आली काय किंवा एकदम पुस्तकरूपानें आली काय, तिच्या अंतरंगांत त्यामुळें फरक पडत नाहीं, अशी सामान्य समजूत आहे. वाङ्मयाचा इतिहास मात्र निराळें सांगतो. डिकन्सच्या अनेक कादंबऱ्या महिन्याच्या महिन्यास निघणाऱ्या हप्त्यांतून वाचकांच्या हातीं पडल्या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. हप्त्याच्या अखेरीस उत्कंठा टिकविणें, मध्यंतरीं खंड पडला तरी पात्र विसरूं नये म्हणून त्यास एखादी ठळक लकब देणें, हे गुण या पद्धतीनें पोसले, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. कृति ज्या वाटेनें रसिकापर्यंत पोंचते ती वाट तिच्या घडणीवर आपला ठसा उमटविल्यावांचून राहत नाहीं.

हा नियम आज आपल्या घरांतील टीव्हीच्या पडद्यास लावून पाहण्यासारखा आहे. गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनीं केबलची जोडणी काढून टाकून तिच्या जागीं बोटभर लांबीचें एक यंत्र टीव्हीच्या पाठीमागें खोचलें आहे. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा खर्चाच्या अंगानें होते: केबलवाल्यास महिना किती द्यावे लागत, आतां इंटरनेटचे किती आणि निरनिराळ्या वर्गण्यांचे किती. गृहस्थाश्रमी माणसास हा हिशेब चुकत नाहीं. परंतु साहित्यास वाहिलेल्या मासिकानें विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या यंत्रानें कथेचें काय केलें, आणि कथा पाहणाऱ्यांचें काय केलें?

प्रथम दोन्ही साधनांतील मूळ भेद ध्यानांत घेतला पाहिजे. केबलच्या तारेंतून सर्व वाहिन्या एकाच वेळीं सर्व घरांस जातात. आपण बटण दाबतों तें त्या वाहत्या प्रवाहांतून एक ओंजळ उचलण्यासाठीं. स्ट्रीमिंगच्या यंत्रांत असें वाहतें पाणी नसतें. आपण मागणी करावी, ती इंटरनेटवरून दूरच्या भांडारास पोंचावी, आणि तेथून त्या कृतीचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे केवळ आपल्या घराकडे निघावे, अशी ही रचना आहे. अमेरिकेंत रोकूचें पहिलें यंत्र २००८ सालीं, गूगलचें क्रोमकास्ट २०१३ सालीं व अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१४ सालीं विक्रीस आली. ही शेवटची वस्तु आपल्याकडे एप्रिल २०१७ मध्यें ३,९९९ रुपयांस मिळूं लागली. एकानें वाढावें आणि पंगतीनें जेवावें ही केबलची रीत. मागेल त्यास मागेल तेव्हां ताट, ही या यंत्राची. पुढील सर्व गुणदोषांचें बीज या भेदांत आहे.

केबलच्या पंगतीचा न्याय करावयाचा तर तिचा काळ आठवला पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें घरांतील पडद्यावर सरकारी दूरदर्शनचीच सत्ता होती. १९९१ नंतर इमारतींच्या गच्च्यांवर उपग्रहाच्या थाळ्या आल्या, गच्चीवरून गच्चीवर तारा लोंबूं लागल्या, आणि १९९५ च्या कायद्यानें या धंद्यास कायदेशीर चौकट मिळाली. १९९९ सालीं अल्फा मराठी ही वाहिनी निघाली. मराठी कुटुंबास दररोज मराठी कथा दिसूं लागली. हें श्रेय लहान नव्हे. कितीतरी नटांना, लेखकांना आणि तंत्रज्ञांना या वाहिन्यांनीं पोटापुरतें काम दिलें, आणि ज्या घरांत कादंबरी क्वचितच शिरली असती तेथें कथेची गोडी नेऊन पोंचविली.

परंतु वाहिनी ज्या उत्पन्नावर जगते त्याचा मुख्य उगम जाहिरात हा होय. जाहिरातीचा भाव दर आठवड्यास निघणाऱ्या प्रेक्षकसंख्येच्या आंकड्यांवर ठरतो. तेव्हां ज्या मालिकेस प्रेक्षक आहेत ती संपविणें हा व्यापारी दृष्ट्या अपराध ठरतो. ई टीव्ही मराठीवर २००१ सालीं सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' ही मालिका २०१३ पर्यंत चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ती लोकप्रिय होती याविषयीं वाद नाहीं. प्रश्न असा कीं तीन हजार भागांच्या कथेस आदि, मध्य आणि अंत असूं शकतो काय? जेथें अंत लेखकाच्या हातीं नाहीं, तेथें पात्राचा विकास होत नाहीं, केवळ त्याच्या आपत्तींची पुनरावृत्ति होते. एका वाक्यानंतर खोलींतील प्रत्येक मुद्रेवर कॅमेरा फिरतो, कालचा प्रसंग आज पुन्हां सांगितला जातो, आणि कट उघडकीस येण्याच्या क्षणीं जाहिरात येते. आपट्यांच्या वाचकासही पुढील अंकाची वाट पाहावी लागे. पण त्याची यमू एका शेवटाकडे चालली होती. हप्ता हा दोष नव्हे. शेवट नसणें हा दोष आहे.

मागणीनुसार ताट देणाऱ्या नव्या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार येथें दिसून येतो. येथें कथा किती वाजतां लागेल हा प्रश्न नाहीं, म्हणून ती किती लांब असावी याचेंही बंधन सैल झालें. आठ-दहा भागांत संपणारी मालिका शक्य झाली. त्याहून महत्त्वाचें असें कीं, ज्या कृतीस रात्रीं आठच्या ठोक्यास लाखो प्रेक्षक मिळणार नाहींत तिलाही घरांत येण्याची वाट सांपडली.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट याचें उत्तम उदाहरण होय. २०२० च्या सप्टेंबरांत व्हेनिसच्या महोत्सवांत त्यास उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें आणि ३० एप्रिल २०२१ रोजीं तो नेटफ्लिक्सवरून घरोघर आला. शास्त्रीय संगीताची साधना करणारा शरद नेरुळकर, त्याचे वृद्ध गुरु, आणि जिचें दर्शन कधींच होत नाहीं, केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकूं येतो अशी गुरूंची गुरु माई, एवढ्या सामग्रीवर हा चित्रपट उभा आहे. आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घरोघर पोंचण्याच्या अकरा दिवस आधीं त्या निवर्तल्या. शरद रात्रीच्या मुंबईंतून मोटारसायकलीवर चालला आहे, पडद्यावर गति मंदावली आहे, आणि कानांत माईंचे शुद्धतेविषयींचे कठोर शब्द पडत आहेत, हे प्रसंग पुनःपुन्हां येतात. मालिकेंतील पुनरावृत्तीहून हे भिन्न आहेत, कारण प्रत्येक वेळीं शब्द तसेच कठोर असतात, पण ते ऐकणारा माणूस अधिक थकलेला असतो. निष्ठा आहे, परिश्रम आहेत, आणि तरीही प्रतिभा नाहीं, हें हळूहळू उमजत जाणाऱ्या माणसाची ही शोकांतिका आहे. याच चित्रपटांत टीव्हीवरील गायनस्पर्धेंत चमकलेल्या एका मुलीचें रूप व गाणें कसें पालटत जातें, हेंही शरद पडद्यावर पाहतो. वाहिनीच्या बाजारानें कलावंताचें काय होतें याची ही टीका ज्या वाटेनें आपल्या घरीं आली, ती वाट वाहिनीची नव्हती, हें लक्षणीय आहे.

येथवर पारडें नव्या यंत्राकडे झुकलेलें दिसेल. आतां दुसरी बाजू. या चित्रपटाच्या अखेरीस लोकलच्या डब्यांत एक फिरता गायक येऊन गातो, आणि शरद तें ऐकतो. कांहीं क्षण स्तब्ध बसावें असा हा शेवट आहे. पण अशा जागीं यंत्राचा शिरस्ता काय? नामावळी सुरू होते न होते तोंच ती कोपऱ्यांत आक्रसते, आणि दुसऱ्या एखाद्या कृतीचें आमंत्रण पडदा व्यापतें. मालिकेचा भाग असेल तर पुढील भाग आपोआप सुरू होण्याची सेकंदांची गणती लागते. केबलच्या मालिकेंत कथेला अंत नव्हता. येथें कथेला अंत आहे, पण पाहण्याला नाहीं. विश्रांति हा रसास्वादाचा भाग आहे, हें या रचनेस मान्यच नाहीं.

निवडीचें स्वातंत्र्य हें या यंत्राचें दुसरें बिरुद. तेंही तपासून घ्यावें. पडदा उघडतांच ज्या रांगा दिसतात त्या आपण मांडलेल्या नसतात. पूर्वीं काय पाहिलें यावरून पुढें काय आवडेल याचें अनुमान बांधून त्या रचल्या जातात. जें आवडलें त्यासारखेंच पुन्हां समोर येतें. ज्याची रुचि अजून घडलेली नाहीं त्या तरुणास हा ग्रंथपाल रोज तोच कप्पा दाखवितो. शिवाय तेथील कोणतीही वस्तु आपली नव्हे. करार संपला कीं कृति भांडारांतून नाहींशी होते. कपाटांतील पुस्तक असें रातोरात निघून जात नाहीं. आणि ज्या जाहिरातींस व वाहिन्यांच्या जुडग्यांस कंटाळून केबल सोडली, त्याही मागोमाग आल्याच. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून आपल्याकडेही जाहिराती दिसूं लागल्या, आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत दोन मोठीं भांडारें मिळून जिओहॉटस्टार हें एक झालें. तार गेली, व्यापाराचा स्वभाव गेला नाहीं.

तथापि सर्वांत मोठी हानि याहून सूक्ष्म आहे. अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेंत असें प्रतिपादिलें आहे कीं, सर्व सामाजिक एकाग्र होऊन जेव्हां एकघन अनुभव घेतात तेव्हां रसाचा परिपोष अधिकच होतो. प्रेक्षक शेजारीं असणें ही केवळ सोय नव्हे. शेजाऱ्याचें हसूं आणि शेजाऱ्याचा उसासा आपल्या आस्वादास बळ देतात. केबलच्या अंतहीन मालिकांवर कितीही दोष ठेवले तरी आजी, सून आणि नातवंडें यांस त्या एका खोलींत एका वेळीं बसवीत होत्या, आणि दुसऱ्या दिवशीं तीच कथा लोकलच्या डब्यांत व कचेरींत चर्चिली जाई. नवीं भांडारें घरांतील प्रत्येकास स्वतंत्र 'प्रोफाइल' देतात. कुटुंब एक, पडदा एक, पण नांवें चार आणि रांगा चार. याचें फळ प्रस्तुत लेखकास वर्गांत दिसतें. शोकांतिकेंतील नायकाचा प्रमाद समजावून सांगतांना सर्वांनीं पाहिलेली एखादी कथा उदाहरणास घ्यावी म्हटलें तर ती सांपडत नाहीं. साठ विद्यार्थ्यांनीं साठ निराळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात. बोलणें शक्य व्हावें इतकें सामाईक जेथें उरत नाहीं तेथें टीकाही उरत नाहीं, केवळ शिफारस उरते.

कोणी म्हणेल, पुस्तक तरी आपण एकटेच वाचतों ना? आक्षेप वजनदार आहे. पण कादंबरी एकान्तासाठींच लिहिली जाते, नाट्य समाजासाठीं. चित्रपट जन्मानें नाट्याच्या कुळांतला आहे. आणि वाचून झालेलें पुस्तक घरांत पडून राहतें, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातें, जेवतांना त्यावर वाद होतो. पडद्यावरील आपली रांग दुसऱ्यास दिसतही नाहीं.

म्हणून केबलकडे परत फिरावें असें आमचें म्हणणें नाहीं. संपूर्ण कृति तिच्या स्वतःच्या लांबीनें पाहण्याची सोय हातीं आली असतां ती टाकणें हा करंटेपणा होईल. सांगावयाचें तें इतकेंच कीं वाहिनीचें वेळापत्रक जें काम आपणांस न विचारतां करीत असे तें आतां घरानें जाणून केलें पाहिजे. नाटकास जावयाचें म्हणजे दिवस ठरे, तिकिटें काढलीं जात, बरोबर कोण येणार हें विचारलें जाई. आठवड्यांतून एक संध्याकाळ तशी ठरवावी. काय पाहावयाचें हें रांगेनें नव्हे तर घरांतील माणसांनीं, आळीपाळीनें, आजीपासून नातवापर्यंत, आधीं सांगावें. आपोआप पुढें धांवण्याची खोड बंद करण्याची सोय यंत्राच्या व्यवस्थेंत असते. नेटफ्लिक्सनें तर २०२० च्या फेब्रुवारींत न मागतां वाजणाऱ्या झलकाही थांबविण्याची मुभा दिली. ती घ्यावी. कृति संपली कीं पडदा विझवावा, आणि मग बोलावें.

हा उपाय किरकोळ वाटेल, परंतु रसिकता अशाच संवयींनीं घडत आली आहे. मराठींत 'द डिसायपल'सारखी कृति निर्माण होऊं शकते हें आतां सिद्ध झालें आहे, आणि ती आपल्या खोलीपर्यंत पोंचूं शकते हेंही सिद्ध झालें आहे. ती पाहून तिच्याविषयीं चार माणसें एकत्र बोलतील कीं नाहीं, हा भाग मात्र कोणत्याही यंत्राच्या कक्षेंतला नाहीं; तो आपल्याकडे आहे.