दुर्बल कोण? बेल्हार मतांगीकाराचे एक परीक्षण

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा विषय उपदेशात निघतो तेव्हा तो द्वेषातून उपजला असे आपण सहसा गृहीत धरतो. उपदेशकाला ते सोयीचे असते. द्वेष आपल्या मंडळीत नाही, असे मनाशी म्हणून श्रोतेही निश्चिंतपणे घरी जातात. परंतु वर्णभेद देवालयात शिरला तो द्वेषाचा वेष घेऊन नव्हे. तो शिरला सौम्य व पाळकीय भाषेत, दुर्बलांविषयीच्या कळवळ्याने. बेल्हार मतांगीकाराचे मोल व त्याची एक उणीव, दोन्ही या गोष्टीपाशी येऊन थांबतात, असे माझे मत आहे.

केप येथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने 1829 साली ठरविले होते की, प्रभुभोजन वर्ण किंवा कूळ न पाहता सर्वांना एकत्र द्यावे. पुढे स्टॉकेनस्ट्रॉम येथील काही गोऱ्या सभासदांनी आपल्यासाठी वेगळे प्रभुभोजन मागितले, आणि अशाच मागण्यांच्या पार्श्वभूमीवर 1857 चा सिनॉड भरला. त्याचा ठराव मुळातून पाहण्याजोगा आहे. परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना प्रस्थापित मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट व शास्त्रानुसार आहे, हे त्याने आधी स्पष्ट मान्य केले. मग, काहींच्या दुर्बलतेमुळे ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येत असेल तर अशा विश्वासणाऱ्यांनी आपले ख्रिस्ती हक्क वेगळ्या इमारतीत उपभोगावेत, अशी सवलत जोडली. शास्त्र काय म्हणते हे त्या बंधूंना ठाऊक होते, त्यांनी ते लिहूनही ठेवले. पुढचे सारे त्या एका सवलतीतून वाढले. 1881 साली वर्णाच्या पायावर वेगळे मिशन चर्च उभे राहिले. 1948 नंतर राज्यसत्तेने तोच भेद कायद्यात उतरविला, आणि 1974 पर्यंत डच रिफॉर्म्ड चर्चचा अहवाल बाबेलच्या बुरुजाचा व प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायाचा आधार घेऊन वंशांच्या विभक्त विकासाला शास्त्राची संमती असू शकते असे सांगू लागला. प्रथम सवलत, मग सवय, मग संस्था, आणि सर्वांत शेवटी सिद्धांत.

दुर्बल बंधूचा विचार पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात व करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात केला आहे. तेथे बलवान माणूस आपला हक्क सोडतो, मांस वर्ज्य करतो, कारण त्याच्या खाण्याने दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला ठेच लागते. केपमध्ये हा युक्तिवाद उलटा टांगला गेला. दुर्बल ठरले ते जमिनीचे मालक, आणि त्यांच्या दुर्बलतेसाठी उठून जाण्यास सांगितले गेले त्यांच्याच शेतावर राबणाऱ्यांना. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून मागे सरला तेव्हा पौलाने ती दुर्बलता मानली नाही. त्याने सर्वांसमक्ष त्याला धारेवर धरले, कारण तेथे सुवार्तेचे सत्यच पणाला लागले होते. एका प्रसंगी सांभाळून घेणारा पौल दुसऱ्या प्रसंगी इतका कठोर का होतो, हे ज्याला उमगले नाही त्याने हा विषय शिकवू नये, असे मी (थोडे धाडस करून) म्हणेन.

त्याच मिशन चर्चचा सिनॉड ऑक्टोबर 1982 मध्ये केप टाउनच्या बेल्हार या उपनगरात भरला. दोनच महिन्यांपूर्वी ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेद हे पाप आणि त्याचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित केले होते. बेल्हार येथे मसुदा मांडला गेला आणि 1986 साली तो रीतसर मतांगीकार म्हणून स्वीकारला गेला. तो आफ्रिकान्स भाषेत लिहिला गेला, म्हणजे ज्या भाषेत सत्ताधाऱ्यांचे हुकूम निघत त्याच भाषेत. त्यात वर्णभेदाच्या धोरणाचे नाव कोठेही नाही. कोणा पक्षाचे वा नेत्याचेही नाही. सोबतच्या पत्रात लेखक सांगतात की, हे कोणा व्यक्तींविरुद्ध नसून एका खोट्या शिकवणीविरुद्ध आहे, आणि आपण स्वतःही निर्दोष नाही.

त्रैक्य देवावरील विश्वासाने आरंभ करून मतांगीकार एकता, समेट व न्याय यांविषयी बोलतो. एकतेचा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो. एकता ही ख्रिस्ताची देणगी आहे आणि म्हणूनच कर्तव्यही. ती दिसली पाहिजे, एका भाकरीत व एका प्याल्यात अनुभवास आली पाहिजे. आत्मिक एकता आहे, मग निरनिराळ्या इमारतींत बसलो तर काय बिघडले, ही पळवाट येथे बंद होते. शेजाऱ्यावरील प्रीतीचा प्रश्नही त्यामुळे भावनेच्या प्रांतातून बाहेर येतो. मला शेजाऱ्याविषयी कितपत ओलावा वाटतो हे गौण आहे. ख्रिस्ताने त्याचा व माझा समेट केला हे मी मानतो की नाही, एवढेच विचारले जाते.

न्यायाच्या भागावर मात्र पुष्कळ वाद झाला. देव हा विशेषेकरून दीन, दरिद्री व अन्यायग्रस्त यांचा देव आहे, हे विधान अनेकांना पक्षपाती वाटले. एकशेशेचाळीसावे स्तोत्र दर महिन्याला म्हणणाऱ्यांना त्यात धक्का बसण्यासारखे काय आहे, हे मला कळलेले नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. मतांगीकार जे जे नाकारतो ते ते सिद्धांत म्हणून नाकारतो. सभासदत्व ठरविताना उघड वा अप्रत्यक्षपणे वंशाचा विचार करणारी शिकवण तो धिक्कारतो खरा, आणि त्या 'अप्रत्यक्ष' शब्दात पुष्कळ सामावते. परंतु 1857 साली सिद्धांत नव्हताच. सिद्धांत योग्य होता आणि सवलत चुकीची होती. त्या सवलतीला हा दस्तऐवज पुरेसा हात घालीत नाही.

आणि आपले दुखणे तेथेच आहे. मराठीत 'वर्ण' या एकाच शब्दाने कातडीचा रंगही सांगितला जातो आणि जातीची उतरंडही. गोव्यातील वाचकांना जातवार कॉन्फ्रारियांचा इतिहास सांगावयास नको, आणि आम्ही प्रोटेस्टंटांनी त्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. वीस वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत मी नवखा पाळक होतो. मंडळीच्या एका वडिलांनी सुचविले की, वरच्या आळीतील कुटुंबांना प्याला आधी द्यावा. ती माणसे नवी आहेत, विश्वासात कच्ची आहेत, दुरावतील. मी तसे केले. पौलाला अनुसरलो असेच मला वाटत होते. खालच्या आळीतील एक आजी त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी येईनाशा झाल्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "पाळकसाहेब, गुडघे धरतात हो." बाजाराच्या दिवशी त्या दोन मैल चालत जात, हे मला दिसत होते. मी पुढे काही विचारले नाही. केपच्या त्या सिनॉडात मी बसलो असतो तर कोणत्या बाजूने हात वर केला असता, याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

मिशन चर्च 1994 साली कृष्णवर्णीयांच्या चर्चशी एक झाले आणि बेल्हार त्या संयुक्त चर्चचा मतांगीकार झाला. अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चने 2010 मध्ये व तेथील प्रेसबिटेरियन चर्चने 2016 मध्ये तो स्वीकारला. खुद्द डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये मात्र त्यासाठी घटना बदलण्याच्या प्रस्तावाला 2015 पर्यंत झालेल्या प्रादेशिक मतदानात आवश्यक ते बहुमत मिळाले नाही. वर्णभेदाचे समर्थन तेथे आता कोणी करीत नाही, तरीही टेबल एक झालेले नाही.

दृढीकरणाचे वर्ग घेणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. बेल्हार एकटा शिकवू नये. 1829 चा ठराव, 1857 चा ठराव आणि हा मतांगीकार असे तिन्ही कागद विद्यार्थ्यांच्या हाती एकत्र द्यावेत, आणि मधला कागद कोणी, कोणासाठी व कोणाला न विचारता लिहिला, हे त्यांनाच शोधू द्यावे.